खिडकीतली नाहीबाई

लास पाल्मितास गावात गरिबांसाठी दवाखाना आहे. तो गरिबांसाठी आहे हे इतक्या ठिकाणी लिहून ठेवलंय, की विसरायची सोय नाही. दारावर लिहिलंय, भिंतीवर रंगीबेरंगी हातांचं चित्र काढून त्याखाली लिहिलंय, दवाखान्याच्या गाडीवरही लिहिलंय. फक्त ते सगळं इंग्रजीत आहे आणि गावातले गरीब बोलतात स्पॅनिश. पण देणगी देणाऱ्यांना इंग्रजी येतं, आणि पाटी कुणासाठी लावायची याचं भान संचालक मंडळाला पक्कं आहे.

दवाखाना सकाळी नऊला उघडतो आणि संध्याकाळी पाचला बंद होतो. गावातली निम्मी माणसं द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला. ती अंधारात घर सोडतात आणि दिवेलागणीला परततात. गरीब माणूस ज्या वेळात कामावर असतो, नेमक्या त्याच वेळात त्याच्यासाठी दवाखाना उघडा ठेवायचा, ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली त्याची पाठ थोपटायला हवी! मध्येच सुट्टी घेऊन यावं तर मुकादम दुसऱ्या दिवशी त्या जागेवर दुसरी बाई उभी करतो. म्हणून लोक येत नाहीत. आणि लोक येत नाहीत म्हणून संचालक व्हिटकोमसाहेब दर बैठकीत मान हलवत म्हणतात, "या लोकांना आरोग्याची किंमतच कळत नाही हो." मग त्यावर उपाय म्हणून जागृती सप्ताह ठरतो. फुगे आणतात, ब्रोकोली खाण्याचे फायदे छापतात. हातात फुगा दिला की माणसाचं काळीज नीट चालतं, अशी या विद्वानांची समजूत असावी.

या दवाखान्याच्या खिडकीत ग्रेस बसायची. खिडकीला जाड काच, काचेला एक गोल भोक. येणाऱ्यानं वाकून त्या भोकाशी तोंड न्यायचं आणि आपलं दुखणं मागच्या सगळ्या रांगेला ऐकवायचं.

ग्रेस हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती ग्रिसेल्दा आर्रेओला, त्याच गावात जन्मलेली. तिची आई आम्पारो शेडमध्ये द्राक्षं निवडत असताना ही पोर द्राक्षांच्या रिकाम्या खोक्यात झोपायची. राजमा आणि मक्याच्या तोर्तियांवर वाढली, स्पॅनिशमध्ये रडली, स्पॅनिशमध्ये भांडली. पण काचेमागची खुर्ची मिळाली आणि बाईसाहेबांची जीभच बदलली. दारात कुणी टोपी काढून उभा राहिला की ती भुवया ताणून इंग्रजीतच विचारायची. नोकरीच्या वेळात तिला स्पॅनिशमधले दोनच शब्द आठवत: "नो आय." म्हणजे नाहीये, शिल्लक नाही. डॉक्टर आहेत का? नो आय. उद्याची तरी वेळ? नो आय. स्पॅनिश बोलणारं कुणी? नो आय! आणि हे सांगणारीची स्वतःची स्पॅनिश अख्ख्या गावात सगळ्यांत गोड.

मनातून ती या माणसांवर चिडलेली असायची. सगळं कुटुंब घेऊन येतात, कर्कश बोलतात, आधी गवती काढे पिऊन बघतात आणि मग येतात. त्यांच्या बुटांची माती बघितली की तिला आपलं लहानपण दिसायचं, आणि ते दिसलं की तिचा आवाज आणखी थंड व्हायचा.

द्राक्षांचा हंगाम भरात होता. त्या सकाळी व्हिटकोमसाहेब दोन देणगीदार बायकांना दवाखाना दाखवत फिरत होते आणि फिरत फिरत ग्रेसच्या पाठीशी येऊन थांबले होते. तेवढ्यात भोकापाशी एक ओळखीचा चेहरा वाकला.

"ब्वेनोस दियास, मिहा." म्हणजे, नमस्कार, पोरी.

ती एउलालिया बुस्तोस होती. गाव तिला मानानं दोन्या लाला म्हणायचं. ग्रिसेल्दाच्या बारशाला हिनंच तिला हातात धरून उभं राहून तिचं नाव ठेवलं होतं. म्हणजे ही तिची माद्रिना, देवासमोर मानलेली दुसरी आई. एरवी रस्त्यात भेटली तर ग्रिसेल्दा वाकून तिचा आशीर्वाद घ्यायची. आज पाठीशी साहेब होते.

"गुड मॉर्निंग, मॅडम. आपलं नाव?" ग्रेसनं इंग्रजीत विचारलं.

लालानं मागे वळून पाहिलं. ही कुणाशी बोलतेय ते तिला कळेना. मग तिच्या लक्षात आलं.

"नाव? माझं? अगं, तुझं नाव मी ठेवलं आणि तू मला माझं विचारतेस?"

रांगेत खसखस पिकली. ग्रेसचे कान तापले, पण तिनं चेहरा हलू दिला नाही. "प्लीज, मॅडम. नाव." लाला तिच्याकडे क्षणभर बघत राहिली. मग शाळेतल्या पोरीसारखं तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं आणि बाजूच्या दारानं आत गेली.

आत टेसा होती. टेसा नव्यानं आलेली, दूरच्या राज्यातली, मनानं चांगली मुलगी. डॉक्टरांपर्यंत कुणाला न्यायचं हे आधी तीच तपासून ठरवायची. तिला स्पॅनिशचं अक्षर येत नव्हतं. दुभाष्याशी बोलायचा फोन दवाखान्यात होता, पण तो जोडायला वेळ लागतो म्हणून कपाटात ठेवलेला होता. मग टेसा हातवारे करायची, हसायची आणि मोठ्यानं बोलायची. इंग्रजी ओरडून बोललं की समोरच्याला कळतं, असा तिचाही समज होता.

ग्रेसच्या खुर्चीमागचं दार उघडंच होतं. सगळं ऐकू येत होतं.

"कसं वाटतंय? बरं? वाईट?" टेसानं अंगठा वर केला, खाली केला.

लालानं छातीच्या खाली, पोटाच्या वर हात ठेवला. मग पाठीकडे बोट केलं. मग, एवढ्या कामात असलेल्या पोरीचा वेळ आपण खातोय असं वाटून, कसनुसं हसून म्हणाली, "रेगुलार, मिहा. रेगुलार."

"ओह, रेग्युलर! छान!" टेसाचा जीव भांड्यात पडला.

आता घोळ कुठे झाला ते बघा. इंग्रजीत रेग्युलर म्हणजे नेहमीसारखं, आणि आपणही तसंच म्हणतो. पण या लोकांना तब्येत विचारली आणि ते 'रेगुलार' म्हणाले, तर त्याचा अर्थ, 'बरं नाही, चाललंय कसंतरी, पण तुमच्यापुढे कशाला रडायचं'. हे टेसाला माहीत नव्हतं. ग्रिसेल्दाला मात्र आईच्या दुधाबरोबर माहीत होतं.

तिनं तोंड उघडलं. नुसतं मान वळवून एक वाक्य बोलायचं होतं. पण नेमके तेव्हाच व्हिटकोमसाहेब पाहुण्यांना म्हणाले, "ही आमची ग्रेस. याच वस्तीतली बरं का! पण इंग्रजी ऐका तिचं. वाटतं तरी का?"

"कमाल आहे," मोत्यांची माळ घातलेली बाई म्हणाली.

ग्रेस हसली. उघडलेलं तोंड त्या हसण्यासाठीच उघडलं होतं असं दाखवलं आणि मूग गिळून बसली. एका माळवाल्या बाईच्या शाबासकीसाठी! पित्ताच्या गोळ्यांची पुडी घेऊन लाला बाहेर आली, खिडकीपाशी थांबली आणि काचेपलीकडूनच तिनं हवेत क्रूस काढून पोरीला आशीर्वाद दिला. पोर तेव्हा कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसली होती.

संध्याकाळी ग्रिसेल्दा घरी आली तेव्हा आम्पारो भाजीसाठी निवडुंगाच्या पानांचे काटे तासत होती. हात चालत होता आणि तोंडही.

"आज शेडमध्ये काय हसलो आम्ही! ती चिंचोळ्या तोंडाची चाया आहे ना, तिनं नक्कल केली. चष्मा नाकावर ओढला, मान अशी ताठ केली आणि म्हणाली, 'नो आय! नो आय!' मुकादमसुद्धा पोट धरून हसला."

"कुणाची नक्कल, अमा?"

"दोन्या नो-आयची. नाहीबाईची. गावात पोरंटोरंही ओळखतात तिला. तुला नाही ठाऊक? काचेमागून दिसत नसेल."

ग्रिसेल्दाचा चेहरा उतरला. मग चढला.

"मी नियमानं काम करते. त्या लोकांना इंग्रजी शिकायला काय होतं? या देशात राहायचं आणि..."

"ते लोक? कुठले गं ते? त्यातला एखादा मला दाखव तरी, ओळखीचा निघतो का बघते."

"तुला कळतंय मी काय म्हणतेय ते."

"कळतंय. मी इंग्रजी शिकले नाही, कारण दिवसभर द्राक्षं निवडत होते आणि द्राक्षं इंग्रजी बोलत नाहीत. तू शिकलीस, कारण मी निवडत होते. शिकलीस ते चांगलं केलंस. पण मला वाटलेलं, माझी पोर त्या खिडकीत बसली म्हणजे आता आपल्या माणसांना आत जायला दार झालं. तू तर कडी झालीस!"

"अमा!"

"ओरडू नकोस. आजारी माणूस तिथे परीक्षेला येत नाही, की तू त्याला नापास करून घरी पाठवशील. दुखणं ज्या भाषेत होतं त्याच भाषेत तो सांगणार." आम्पारोनं पुढचं पान उचललं. "ते जाऊ दे. माझी कोमाद्रे, तुझी माद्रिना, आली होती ना आज? मुकादमाच्या हातापाया पडून गेली सकाळी. काय म्हणाले?"

"काही नाही. पित्त आहे. बरी आहे."

"असं कोण म्हणालं?"

"तीच म्हणाली. म्हणजे, टेसानं विचारलं, तर ती म्हणाली..." ग्रिसेल्दानं नजर काट्यांच्या ढिगाकडे वळवली. "रेगुलार म्हणाली."

आम्पारोचा हात थांबला.

"लाला म्हणाली? रेगुलार?" तिनं सुरी खाली ठेवली. "क्रिसान्तोला पुरून आलो त्या दिवशी मी तिला विचारलं, कोमाद्रे, कशी आहेस? नवऱ्याच्या थडग्यावरची माती नखात होती तिच्या, तरी काय म्हणाली? रेगुलार. शेडमधल्या यंत्राच्या पट्ट्यात बोट चिरडलं तेव्हा काय म्हणाली? रेगुलार! उभ्या जन्मात त्या बाईच्या तोंडून यापेक्षा वाईट शब्द निघालेला नाही. आणि तू तिथे होतीस?"

"होते."

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग?"

ग्रिसेल्दा सांगणार तरी काय, मोत्यांची माळ? आम्पारोनं अंगावरचा अॅप्रन काढून खुर्चीवर फेकला आणि म्हणाली, "गाडी काढ."

लाला आपल्या पत्र्याच्या घराच्या पायरीवर बसली होती. उन्हं कलली होती तरी कपाळावरून घाम ओघळत होता आणि चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. एक हात छातीशी मुठीत. या दोघींना पाहून ती उठायला धडपडली.

"आलात? या ना. कॉफी टाकते."

"टाकशील मसणात," आम्पारो म्हणाली आणि तिला काखेत धरून गाडीत बसवलं. मोठ्या गावातल्या रुग्णालयापर्यंत लाला पुन्हा पुन्हा माफी मागत होती. पोरगी दमून आली असेल, तिला उगीच त्रास, पेट्रोल किती जळत असेल. गाडी चालवताना ग्रिसेल्दाला समोरचा रस्ता धड दिसत नव्हता.

रुग्णालयाच्या दारात नर्स धावत आली. चाकाच्या खुर्चीत बसवता बसवता तिनं इंग्रजीत तोच प्रश्न विचारला, "कसं वाटतंय, मॅडम?" आणि लाला, त्या अवस्थेत, तोंडावर हसू आणून म्हणाली, "रेगुलार."

"नाही!" ग्रिसेल्दा किंचाळली. सगळ्या दालनातली माणसं वळली. "तिचं ऐकू नका! बरं आहे असं ती नाही म्हणत! मरायला टेकली तरी ही बाई हेच म्हणेल!" मग तिथेच, फरशीवर गुडघे टेकून, इतक्या गोऱ्या माणसांदेखत, ती आपल्या घरच्या स्पॅनिशमध्ये बोलू लागली. "माद्रिना, इकडे बघा. त्यांना नका सांगू, मला सांगा. काय होतंय तुम्हाला? खरं खरं सांगा."

आपल्या भाषेतला तो आवाज ऐकला आणि म्हातारीचा बांध फुटला.

"छातीवर कुणीतरी बसलंय गं. सकाळपासून उठतच नाही. पाठीतून कळ येते, श्वास पुरत नाही... मला भीती वाटतेय, मिहा."

"मग सकाळी का नाही बोललात?"

"बोलणार होते. तेवढ्यासाठीच आले होते. पण तू त्या काचेमागून मला मॅडम म्हणालीस. म्हटलं, इथे आपलं रडगाणं ऐकायला कुणी नाही."

ग्रिसेल्दानं हे नर्सला शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितलं, शेवटची दोन वाक्यं सोडून. ती दोन वाक्यं तिची तिलाच पुरली.

लाला वाचली. डॉक्टर म्हणाले की झटका सकाळीच आला असणार. दिवसभरात हृदयाचा जो भाग मेला तो काही परत येणार नाही. सकाळीच या रुग्णालयात आली असती तर बराचसा वाचला असता. शेडमध्ये उभं राहून काम करणं आता संपलं. ज्या बाईनं जन्मभर कुणाकडे पाण्याचा पेलाही मागितला नाही, तिला आता अंथरूण झटकायलाही दुसरं माणूस लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी ग्रिसेल्दा व्हिटकोमसाहेबांपुढे उभी राहिली. जागृती सप्ताह तोंडावर होता आणि साहेब फुग्यांचा रंग ठरवत होते. तिनं झालं ते सगळं सांगितलं, पण आधी स्पॅनिशमध्ये. साहेब न कळणाऱ्या माणसाचं ते कसनुसं, लाचार हसू हसत राहिले. काचेच्या पलीकडे ती हे हसू रोज बघत होती आणि आजवर तिला ते मूर्खपणाचं वाटत आलं होतं. मग तिनं इंग्रजीत सांगितलं.

"दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवा. दुभाष्याचा फोन कपाटातून बाहेर काढा. आणि तोवर आत जाणाऱ्या प्रत्येकाशी मी बोलणार, स्पॅनिशमध्ये. फुगे राहू द्या."

"ग्रेस, तू थकलीयस. हे लोक संध्याकाळीही यायचे नाहीत. त्यांना किंमतच..."

"त्यांना किंमत कळते, साहेब. आपण त्यांना काय किंमत देतो तीही कळते."

टेसा दारात उभी होती. तिचे डोळे रडून सुजले होते. ती म्हणाली, "संध्याकाळी मीही थांबेन." काही माणसं कच खातात ती पटलं म्हणून नव्हे, तर बोभाटा होईल म्हणून, व्हिटकोमसाहेबही त्यातलेच. त्यांनी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी कबूल केल्या, आणि पुढच्या पत्रकात ही कल्पना स्वतःची म्हणून छापूनही टाकली.

पहिल्या संध्याकाळी कुणीही आलं नाही. साहेबांना कोण आनंद झाला! आणि लोकांनी यावं तरी का? जिनं वर्षानुवर्षं तोंडावर खिडकी आपटली, तिनं एका रात्रीत दार उघडलं म्हणून धावत सुटायला ते काही खुळे नव्हते.

मग ग्रिसेल्दा स्वतः शेडच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. कामावरून सुटलेल्या बायका बाहेर पडल्या आणि एकच गलका झाला.

"अगंबाई, बघा कोण आलंय! दोन्या नो-आय, चक्क पायी!"

"काच कुठे विसरलीस, बाई?"

"इंग्रजीत बोला हं सगळ्या, नाहीतर बाईसाहेबांना कळायचं नाही!"

ती मान खाली न घालता ऐकत राहिली. हसू संपेपर्यंत थांबली, आणि मग तिनं लालाला काय झालं ते सांगितलं, त्यात आपण काय केलं तेही. कुणी 'असू दे' म्हणालं नाही. चाया जमिनीवर थुंकली. पण पुढच्या वेळी तीच चाया आपल्या खोकणाऱ्या बापाला घेऊन आली, नाक मुरडत, ग्रिसेल्दाकडे बघायचंसुद्धा टाळत. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. हळूहळू बाकडी भरू लागली.

एका रविवारी ग्रिसेल्दा माद्रिनाच्या उशाशी जाऊन बसली. कितीतरी दिवस ओठांवर आलेलं शेवटी बोलली.

"मला माफ करा."

लालानं तिचा हात हातात घेतला. ती रागावलेली नव्हती. तसं असतं तर बरं झालं असतं.

"माझ्याकडे कसली माफी मागतेस, पोरी? मी तर वाचले. का वाचले? तुझी आई माझी कोमाद्रे म्हणून, तू माझ्या हातातली म्हणून. ओळखीवर वाचले मी. जिचं आत कुणी नाही, ती त्या दिवशी माझ्यामागे रांगेत उभी होती. ती कुठेय आता? तिला जाऊन विचार."

ग्रिसेल्दाला त्या दिवशी रांगेत मागे कोण होतं ते आठवेना. तिनं खूप आठवून पाहिलं. तो चेहरा तिनं पाहिलाच नव्हता.

वाचकहो, आपल्याकडेही खिडक्या आहेत, आणि त्यांच्यामागे बसणारे आपलेच आहेत. आजारी माणसाशी त्याला कळेल असं बोला, त्याच्या सवडीला दार उघडं ठेवा, आणि त्याच्या बुटांची माती बघून नाक मुरडू नका. यात कसलीही थोरवी नाही, हे एवढं तर करायलाच हवं. आणि दवाखान्याची पायरी चढण्याआधी 'आत आपल्या ओळखीचं कोण आहे?' असं ज्या गावात विचारावं लागतं, त्या गावानं आपल्याकडे दवाखाना आहे असं म्हणू नये. तिथे फक्त एक इमारत उभी आहे.